आश्रम काढण्याआधी त्या मुलांच्या आयांना भेटा

प्रश्न एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाकडून आला आहे. त्यांना अनाथाश्रम सुरू करायचा आहे. गावाबाहेर जागा आहे, परदेशात स्थायिक झालेले सभासद पैसे द्यायला तयार आहेत, आणि याकोबाच्या पत्रातलं वचन सगळ्यांना पाठ आहे. पण ज्या जाणकाराला विचारावं तो, अगदी ख्रिस्ती संस्थेत हयात घालवलेला माणूससुद्धा, "जरा थांबा" म्हणतो. सुदानपासून हैतीपर्यंत लेकरं उपाशी मरत असताना थांबायचं कशासाठी, आणि आश्रम काढायचा नाही तर ख्रिस्ती माणसाने करायचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते: आश्रम काढू नका. तेच पैसे, तीच माणसं आणि तीच प्रार्थना मुलाच्या घराकडे वळवा. मी आधी बालगृहात काम केलं, मग गृहभेटींचं काम केलं, आता मंडळ्यांना आणि संस्थांना या विषयात सल्ला देते. हे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकाने जेवढं शिकवलं तेवढंच पवित्र शास्त्राने शिकवलं.

याकोब १:२७ पासूनच सुरुवात करू, कारण आश्रमाच्या पाटीवर आणि पावतीपुस्तकावर हेच वचन असतं. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्या, असं याकोब सांगतो. अनाथ आणि विधवा ही जोडी त्याने स्वतः जुळवलेली नाही, ती त्याला नियमशास्त्रातून आणि संदेष्ट्यांकडून मिळाली. नियमशास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात शेतात विसरलेली पेंढी, जैतुनाच्या फांदीवर राहिलेली फळं आणि द्राक्षमळ्यात मागे उरलेले घड उपऱ्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी सोडायला सांगितले आहेत. यशया, यिर्मया, जखऱ्या, सगळीकडे हीच नावं एका दमात येतात. ही वेगवेगळी खाती नाहीत. घरचा कर्ता गेला की एकाच दिवशी त्या घरातली बाई विधवा होते आणि तिची मुलं पोरकी होतात. विसरलेली पेंढी उचलायला ती आई मुलांना घेऊन जाते आणि संध्याकाळी आपल्याच चुलीवर भाकरी भाजते. मुलाला आईपासून तोडून वेगळ्या जागी पोसायची तरतूद मोशेच्या नियमशास्त्रात कुठेही नाही.

खुद्द मोशेचीच गोष्ट घ्या. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात फारोची मुलगी पेटाऱ्यातलं बाळ पाण्यातून काढते. बाळाची बहीण जवळच उभी असते. दाई आणू का, असं ती विचारते आणि बाळाच्या सख्ख्या आईलाच घेऊन येते. राजकन्या त्या गुलाम बाईला म्हणते, याला घेऊन जा, माझ्यासाठी दूध पाज, मी तुला वेतन देईन. पैसा आहे, सत्ता आहे, संरक्षण आहे, आणि ते सगळं मुलाच्या आईच्या घरी पोचतं. मुलांच्या रविवारच्या शाळेत ही गोष्ट आपण शेकडो वेळा सांगतो, पण दान देताना ती कुणाला आठवत नाही याचं मला वाईट वाटतं.

आता आकड्यांकडे येऊ. जगात १४ कोटी अनाथ आहेत हे वाक्य मिशनच्या आवाहनांत नेहमी ऐकू येतं. आकडा युनिसेफचा आहे, २०१५ सालचा आहे आणि खोटा नाही. पण आई किंवा वडील यांपैकी एक जरी वारलं तरी युनिसेफ ते मूल अनाथ धरते. दोघेही गेले आहेत अशी मुलं त्यात दीड कोटीच्या आसपास. म्हणजे साडेबारा कोटींच्या घरात मुलांना एक पालक आहे. उरलेल्यांतलीही बहुतेक आजी-आजोबांकडे, मामाकडे, चुलत्याकडे वाढताहेत. मग आश्रमांत कोण असतं? कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. तिथली यादवी संपून तोवर दशक उलटत आलं होतं. या बालगृहांतल्या दर चार मुलांमागे साधारण तिघांची आई किंवा वडील हयात होते. वाढले होते ते पर्यटक आणि परदेशी देणगीदार. हैतीतल्या आश्रमांत सुमारे ३० हजार मुलं असल्याचा अंदाज होता आणि त्यांतल्या ८० टक्के मुलांना किमान एक पालक होता. गरिबीने मूल घराबाहेर पडतं, आणि देणगीदाराच्या पत्रकात ते अनाथ म्हणून छापलं जातं.

आपल्याकडचं चित्रही मी जवळून पाहिलं आहे. जून उजाडला की वसतिगृहांच्या ऑफिसबाहेर आयांची रांग लागते. अशाच रांगेत मराठवाड्यातून आलेली एक बाई होती. नवरा वारलेला, पदराला दोन मुलं, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. क्लार्कने विचारलं, "मुलांना बघायला घरी कोण?" ती म्हणाली, "कोनी न्हाई, सायेब." कुणी आहे म्हटलं तर प्रवेश मिळत नाही, असं तिला गावातून सांगून पाठवलं होतं. तिची सासू बाहेर लिंबाखाली बसलेली होती. मी दोघींजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "ताई, काय मिळालं तर पोरं घरीच ठेवाल?" तिला विचार करावा लागला नाही. ऊसतोडीला गेल्यावर पाच-सहा महिने सासूच्या हाती धान्य आणि औषधाला पैसे, मोठीच्या वह्या-पुस्तकं आणि एसटीचा पास. सासू मधेच म्हणाली, "मी हाय की, पर घालू काय त्यांना?" आत क्लार्कच्या रजिस्टरमध्ये तोपर्यंत दोन्ही मुलांच्या नावापुढे "निराधार" लिहून झालं होतं.

त्या दोन मुलांना संस्थेत ठेवायचं तर इमारत, स्वयंपाकी, अधीक्षक, पहारेकरी, सगळ्यांचा खर्च त्यांच्या डोक्यावर येतो. त्या बाईने मागितलं ते त्याच्या अगदी थोड्या भागात भागलं असतं.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल, मग पंडिता रमाबाईंचं काय? योग्य प्रश्न आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी मुली आणि बायका घेऊन आल्या. १९०० च्या सुमाराला गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दोन हजारांच्या आसपास माणसं राहू लागली. त्या वेळी याला दुसरा उपाय नव्हता. घरंच्या घरं मेली होती. रस्त्यावर आणि दुष्काळी छावण्यांत एकट्या मुलींना पळवणारे, विकणारे टपून बसलेले होते. रमाबाईंना हे ऐकून माहीत नव्हतं. १८७० च्या दशकातल्या उपासमारीत त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली होती. केडगावात त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम, तेलघाणा, छापखाना उभा केला, म्हणजे ज्यांचं कुणीच उरलं नाही त्यांना पोटापाण्याचं साधन दिलं. दुष्काळाने कुटुंबच पुसून टाकलं होतं, म्हणून तिथे नवं घर उभारावं लागलं. आपल्या तालुक्यात आज ज्या मुलासाठी तुम्ही खोल्या बांधणार आहात त्याची आई चार गावं पलीकडे राहते आणि तिच्याकडे मोबाईल आहे. रमाबाईंचं नाव घ्यायचं तर हा फरक आधी पाहायला हवा.

त्यांच्या आणखी एका कामाची आठवण द्यायला हवी, कारण चर्चमध्ये ती फारशी निघत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. प्लेगच्या रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत बायकांना कशी वागणूक मिळते यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. प्रकरण ब्रिटिश संसदेत निघालं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळून लावले. परदेशी ख्रिस्ती देणगीदारांच्या पैशावर संस्था चालवणारी बाई एका ख्रिस्ती साम्राज्याच्या सरकारला जाब विचारते, हे लहान धाडस नव्हे. अन्न देणं आणि जाब विचारणं ही दोन्ही कामं एकाच बाईने एकाच वर्षात केली. आपल्या मंडळ्यांनी पहिलं काम उचललं आणि दुसरं सोडून दिलं.

चांगल्या हेतूने मुलं उचलून नेण्याचा इतिहास मात्र ख्रिस्ती जगाला आजही छळतो आहे. १८६९ पासून पुढच्या सत्तरेक वर्षांत ब्रिटनमधून सुमारे एक लाख गरीब मुलं जहाजाने कॅनडात पाठवली गेली. पाठवणाऱ्यांत अॅनी मॅकफर्सन, थॉमस बर्नार्डो अशी निष्ठावान सुवार्तिक माणसं होती. लंडनच्या घाणीतून काढून मोकळ्या हवेत शेतावर न्यायचं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या मुलांपैकी अनेकांचे आई-वडील जिवंत होते, काहींना मूल गेल्यावर कळवलं गेलं, आणि शेतांवर कित्येकांना गड्यासारखं राबवलं गेलं. पालकांच्या संमतीशिवाय मुलं ठेवल्याबद्दल बर्नार्डोंवर खटले झाले, तेव्हा त्यांनी त्याला "परोपकारी अपहरण" म्हटलं आणि त्याचं समर्थन केलं. अशीच मुलं ऑस्ट्रेलियातही पाठवली गेली. त्यांची तिथल्या पंतप्रधानांनी नोव्हेंबर २००९ मध्ये माफी मागितली, ब्रिटनच्या पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०१० मध्ये. कॅनडातल्या मूलनिवासींच्या सुमारे दीड लाख मुलांना निवासी शाळांत कोंडलं गेलं. त्यांतल्या बहुतेक शाळा चर्च चालवत होतं. त्याबद्दल पोप फ्रान्सिस जुलै २०२२ मध्ये तिथे जाऊन क्षमा मागून आले.

कोरियाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि मला ती सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, कारण आज आपण वापरतो त्या दोन्ही पद्धती तिथे वाढल्या. १९५० ते ५३ च्या युद्धाने कोरियात खरोखरच लाखो मुलं बेघर केली. मुलाचा फोटो पाठवून परदेशी कुटुंबाकडून दरमहा मदत मिळवायची पद्धत वर्ल्ड व्हिजन आणि कम्पॅशन या संस्थांनी त्याच काळात तिथे रुजवली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या हॉल्ट या श्रद्धावान शेतकरी दांपत्याने १९५५ मध्ये आठ कोरियन मुलं दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसला खास कायदा करावा लागला. इथपर्यंत कुणी नाव ठेवावं असं काही नाही. पण दत्तकाची यंत्रणा एकदा उभी राहिली की तिला मुलं लागतात. युद्ध संपून तीस वर्षं झाली, कोरिया सुस्थितीत आला, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात वर्षाला आठ हजारांहून जास्त मुलं परदेशी जात होती. त्यांतली बहुतेक अविवाहित आयांची. त्या आयांना कुणी आधार दिला असता तर मुलं त्यांच्याजवळ राहिली असती. मार्च २०२५ मध्ये कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला. आई-वडील माहीत असलेल्या मुलांची नोंद अनाथ म्हणून केली गेली, कागद बदलले गेले, आईची रीतसर संमती घेतली गेली नाही, असं त्यात आहे. आज पन्नाशीत आलेली ती माणसं आपली आई शोधत सोलला येतात. त्यांना सुशिक्षित, प्रेमळ, ख्रिस्ती घरं मिळाली होती हे खरंच आहे. तरीही ती आई शोधत येतात.

हैतीतला भूकंप १२ जानेवारी २०१० चा. महिना संपायच्या आत अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचे दहा जण ३३ मुलांना घेऊन सीमा ओलांडताना पकडले गेले. मुलांचे कागद नव्हते. चौकशीत बहुतेकांचे आई-वडील सापडले. तिकडे शाळा मिळेल, पोट भरेल या आशेने त्यांनीच मुलं हवाली केली होती. म्हणूनच आपत्तीत या क्षेत्राचा पहिला नियम असा आहे: आधी नोंद करा, फोटो घ्या, नातेवाईक शोधा. त्या काळात मूल देशाबाहेर काढायचं नाही आणि दत्तक द्यायचं नाही.

बाळांच्या वाढीबद्दल एकच गोष्ट सांगते. रुमानियात १९८९ मध्ये हुकूमशाही कोसळली तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं सरकारी बालगृहांत सापडली. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांवर काटेकोर अभ्यास झाला. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून प्रतिपालक, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या, कुटुंबांत दिली गेली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडायची क्षमता स्पष्टपणे जास्त वाढली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सगळ्यात जास्त. स्वच्छ पाळणा आणि वेळेवर दूध मिळूनही, एकच माणूस रोज उचलून घेणारं नसेल तर मेंदू मागे राहतो.

दत्तक हेच सुवार्तेचं चित्र आहे, असं काही प्रवचनांत सांगितलं जातं. पौलाने रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिताना दत्तकाची उपमा दिली आहे खरी. पण रोमन समाजात दत्तक घेतलं जायचं ते बहुतेक वारस हवा म्हणून, आणि पुष्कळदा मोठ्या माणसाला. त्या उपमेतून "गरीब बाईचं मूल उचलून आणा" अशी आज्ञा निघत नाही. दत्तक ही सुंदर गोष्ट आहे, पण ज्याला घर उरलेलंच नाही त्या मुलासाठी, आणि आपल्याकडे ती कारा या केंद्रीय प्राधिकरणामार्फतच होते. कॅथलिक परंपरेत १९३१ पासून स्पष्टपणे मांडलेलं एक तत्त्व इथे उपयोगी पडतं: लहान घटकाला जे जमतं ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये, त्याला बळ द्यावं. कुटुंबाइतका लहान आणि जुना घटक दुसरा नाही.

मग काय उपयोगी पडतं? मूल घरीच राहतं आणि मदत तिथे पोचते, हे. कम्पॅशनच्या प्रायोजकत्वाचा भारतासह सहा देशांत अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये अर्थशास्त्राच्या मान्यवर नियतकालिकात छापून आला. प्रायोजक मिळालेली मुलं बाकीच्यांपेक्षा एक ते दीड वर्ष जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांना पगारी नोकऱ्याही जास्त मिळाल्या. ती मुलं आश्रमात नव्हती. आई-वडिलांकडे राहून जवळच्या मंडळीत शिकवणीला, जेवणाला, तपासणीला येत होती. मदत पाठवायचीच असेल तर अशा कामाला पाठवा. पण फोटो आणि आभाराचं पत्र यांच्या बदल्यात मुलाचं दारिद्र्य भिंतीवर लावू नका. नाताळात आश्रमाला सहल काढून दोन तास मुलांना कडेवर घ्यायचं आणि निघून जायचं, हेही थांबवा. दर आठवड्याला नवा माणूस जीव लावून जातो, त्यात मुलाचा विश्वास तुटतो.

आता न्यायाचा भाग. पहिलं महायुद्ध संपल्यावरही ब्रिटनने शत्रुराष्ट्रांची नाकेबंदी चालू ठेवली होती आणि ऑस्ट्रिया-जर्मनीत मुलं उपासमारीने खंगत होती. एग्लंटाइन जेब या अँग्लिकन बाईने १९१९ मध्ये त्या मुलांचे फोटो असलेली पत्रकं लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात वाटली. तिला अटक झाली, ५ पौंड दंड झाला, आणि खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानेच दंडाची रक्कम देऊ केली. त्यातून सेव्ह द चिल्ड्रन उभी राहिली. एक अँग्लिकन बाई शत्रूच्या मुलांसाठी रोमला गेली, आणि पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी निष्पाप बालकांच्या सणाला, २८ डिसेंबरला, जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये मध्य युरोपातल्या मुलांसाठी दान गोळा करायला सांगितलं. जेबने लिहिलेला बालहक्कांचा पाच कलमी जाहीरनामा राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये जिनिव्हात स्वीकारला. वंश, राष्ट्र, धर्म यांच्यापलीकडे जाऊन मुलाला जे द्यायला हवं ते मानवजातीने द्यावं, आणि संकटात पहिली मदत मुलाला मिळावी, असं त्यात आहे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराची ही आजी. व्हॅटिकनने तो करार १९९० मध्येच स्वीकारला, भारताने १९९२ मध्ये. अमेरिकेने अजून स्वीकारलेला नाही. आई-वडिलांचे अधिकार जातील या भीतीने तिथल्या पुष्कळ ख्रिस्ती गटांनी विरोध केला, हे एक मोठं कारण आहे. करार वाचला तर कळतं की कुटुंबाला आधार देण्याचं बंधन त्याने सरकारवर वारंवार टाकलं आहे.

मुलांसाठी दान गोळा करणाऱ्या मंडळीने जेबचा धडा घेतला पाहिजे: मूल कुणाचं हे पाहायचं नाही, आणि ते उपाशी कुणामुळे हे विचारायचं. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. तिथे पाऊस हे मुख्य कारण नाही. बंदुका आणि अडवलेले ट्रक हे कारण आहे. अशा ठिकाणी नुसतं धान्य पाठवून भागत नाही, वाट मोकळी करायला आवाज उठवावा लागतो.

लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात योबेल वर्ष आहे, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना सोडायचं आणि जमिनी मूळ घराण्यांना परत करायच्या. त्यावरून उभी राहिलेली १९९० च्या दशकातली कर्जमाफीची मोहीम मला या कामी आदर्श वाटते. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला श्रीमंत देशांची परिषद भरली, तेव्हा सुमारे ७० हजार माणसांनी मानवी साखळी केली. त्यांत चर्चच्या बायका-माणसांचा भरणा मोठा होता. पुढे अनेक गरीब देशांची कर्जं माफ झाली. टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली, त्याला या माफीतून सुटलेल्या पैशाचा हातभार लागला, आणि लाखो मुलं शाळेत आली. एवढ्या मुलांना आश्रमांतून शिकवायचं तर किती आश्रम लागले असते?

धर्मांतराचा विषय टाळून चालणार नाही, आपल्या देशात तर नाहीच. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदन या संस्थेतल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं आणि सल्लागार मंडळातल्या हिंदू सभासदांनी राजीनामे दिले. २००४ च्या त्सुनामीनंतर आचेतली ३०० मुस्लिम मुलं ख्रिस्ती बालगृहात ठेवण्याचा मनोदय एका अमेरिकन मिशनने जाहीर केला. इंडोनेशियात संतापाची लाट उसळली आणि तो बेत सोडावा लागला. माझं मत स्पष्ट आहे: भुकेल्या मुलाचा धर्म त्याच्या जेवणाशी बांधणं हे पाप आहे. १९९४ च्या आपत्ती मदतीच्या आचारसंहितेत मदतीचा वापर धार्मिक प्रचारासाठी करायचा नाही असं लिहिलं आहे. ती संहिता मांडणाऱ्यांत कॅरिटास, लुथेरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होत्या. बालहक्क करारातलं २० वं कलमही मुलाचा धर्म, भाषा, संस्कृती यांचं सातत्य राखायला सांगतं. मुलाची आजी वारीला जात असेल तर ते मूल आजीबरोबर वारीला जाईल, आणि आपण त्याच्या वह्यांचे पैसे देत राहू.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल मी कुणाशीही तडजोड करत नाही. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं ते बरं, असं प्रभू म्हणाला (मत्तय १८:६). मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. पाळक असो, वडीलधारा असो, देणगीदार असो, प्रकरण मंडळीच्या सभेत मिटवायचं नाही.

आता तुमच्या संघाचं काम. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय असं तत्त्व म्हणूनच लिहिलं आहे. कलम ४१ प्रमाणे नोंदणी न करता बालगृह चालवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. परदेशी पैशाचंही नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदाने आपल्या कमाईतून दिलेलं दान वेगळं, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्याने दिलेलं वेगळं. दुसऱ्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं लागतं, आणि २०२० पासून एका संस्थेला असा पैसा दुसरीला देता येत नाही. खजिनदाराच्या खात्यावर मागवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

त्याऐवजी पहिले तीन-चार महिने संघातल्या जोड्या करून आसपासच्या गावांत फिरा. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि शाळेचे मुख्याध्यापक यांना विचारा, कोणत्या घरात कर्ता गेला आहे, कोण तुरुंगात आहे, कोण आजाराने अंथरुणाला खिळलं आहे. अशा घरातल्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या प्रायोजकत्वातून ४,०००. पुष्कळ आयांना हे माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार आणि बँक खातं जुळवता जुळवता त्यांचे मजुरीचे दिवस जातात. तुमच्यातले शिकलेले तरुण तिच्याबरोबर तहसीलमध्ये आणि जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जाऊन उभे राहिले तर काम चार खेपांऐवजी दोन खेपांत होईल. ऊसतोडीच्या पट्ट्यात असाल तर हंगामी वसतिगृह कुठल्या शाळेला मंजूर आहे हे पाहा. तिथे मूल गावातच राहतं आणि जेवण शाळेत मिळतं. मंजूर नसेल तर ग्रामसभेत मागणी लावा, पंचायत समितीकडे पाठपुरावा करा. तुम्हाला परदेशातून मिळणारं दान, रीतसर मार्गाने आलं तर, सरकारी पैसा सुरू होईपर्यंतच्या महिन्यांत किराणा, औषधं आणि एसटीच्या पाससाठी वापरा.

कधी असंही मूल भेटेल ज्याचं खरोखर कुणी नाही, किंवा ज्याला घरातच धोका आहे. ते मंडळीच्या हॉलमध्ये किंवा कुणा सभासदाच्या घरी ठेवून घेऊ नका. १०९८ ला फोन करा आणि २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीसमोर हजर करा. प्रतिपालक कुटुंब म्हणून पुढे यायची तयारी असलेली तुमच्या मंडळीतली दोन-चार जोडपी आधीच जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे नाव नोंदवून ठेवतील तर समितीला त्या मुलाला बालगृहाशिवाय दुसरी जागा देता येईल. त्यासाठी लागणारे अर्ज आणि गृहचौकशीची पद्धत कक्षातला संरक्षण अधिकारी समजावून सांगतो. जाताना जोडप्यातल्या दोघांनीही जा.